तिथीला बांधलेलं गाणं

अमळनेरला गाणं ऐकायला जायचं असेल तर तिथी पाहून जावं. एरवी सुरत–भुसावळ मार्गावरच्या या तालुक्याच्या गावी उतरलात, तर बोरी नदी दिसेल, सखाराम महाराजांची वाडी दिसेल, प्रताप शेठजींच्या आश्रयानं उभं राहिलेलं तत्त्वज्ञान मंदिर दिसेल. 1945 साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रोची सुरुवात इथंच झाली, हेही कुणीतरी अभिमानानं सांगेल. गाणं कुठं ऐकायला मिळतं असं विचारलंत, तर उत्तर मिळेल: आखाजीला या.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशात हा सण दिवाळीच्या तोडीचा. असं का, ते शेतात उभं राहिल्यावर कळतं. वैशाखात रब्बीचं आवरलेलं असतं, पेरणीला अजून अवकाश असतो, नांगरलेली काळी जमीन उन्हात तापत पडलेली असते. सालदाराचं सालही आखाजीलाच संपतं आणि नवं ठरतं. वर्षभराच्या कामात पडणारी ही एकच मोठी फट, आणि लेकीला माहेरी आणायचं ते याच फटीत. भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो, बहीण येते, कडुनिंबाला झोका बांधला जातो आणि गाणं सुरू होतं.

त्या गाण्यांत भाऊ आहे, सासू आहे, दागिना आहे, आंबा आहे. पण गाणारी कोण, ते आधी बघावं. ती कालच सासरहून आलेली असते आणि चार दिवसांनी परत जाणार असते. माहेरची आठवण आणि सासरची तक्रार एकाच गाण्यात नांदते ती म्हणून. गवराई बोळवायला नदीवर गेलेल्या मुली तर समोरच्या काठावरच्या मुलींना गाण्यातून खुशाल शिव्या देतात, आणि त्या दिवशी त्याचा राग कुणी धरायचा नसतो. वर्षभर मान खाली घालून वावरणाऱ्या पोरीबाळींना मोकळ्या तोंडानं बोलायची परवानगी तिथी देते. हेच गाणं सभागृहात, माईकसमोर, एका रंगाच्या साड्या नेसून पाच मिनिटांत म्हटलं, तर चाल तीच राहते, शब्दही तेच राहतात. पण त्या बाईला तिथं कुणाला शिवी द्यायची नसते, की कुणाची वाट पाहायची नसते.

उलट बाजूनं पाहायचं तर जात्यावरची ओवी घ्यावी. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवत होते. बायकांच्या तोंडच्या ओव्या त्यांनी गोळा केल्या. ‘स्त्रीजीवन’ हा त्यांचा संग्रह त्यातूनच उभा राहिला. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्यांच्या ओव्या उतरवून घेतल्या, आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या छापल्या गेल्या. या माणसांचे उपकार फार मोठे आहेत. पण ओवी गाण्याचं कारण जातं होतं. गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेच्या ओवीचं कारणच संपलं. त्याचं दुःख मला होत नाही. बाईचे हात सुटले हे चांगलंच झालं. इतकंच की तिथून पुढं नवी ओवी सहसा जुळली नाही. जी आहे ती पुस्तकात आहे, आणि पुस्तकातल्या ओवीत कुणी आपल्या घरची गोष्ट घालत नाही.

म्हणून खान्देशातली कोणती गाणी टिकतील, याचा अंदाज मी गाण्यांवरून बांधत नाही, सणांवरून बांधतो. गुलाबाईची गाणी महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर हिंडून म्हणायची असतात. भाद्रपद-आश्विनातल्या त्या संध्याकाळी आता शिकवणीत जातात. बऱ्याच ठिकाणी गुलाबाई एका दिवसाच्या महोत्सवावर आली आहे. आखाजी उन्हाळ्याच्या सुट्टीत येते, म्हणून ती तग धरून आहे. पण नोकरी करणाऱ्या लेकीला दोन दिवसांच्या वर राहता येत नाही आणि झोक्यावरची गाणीही तेवढीच आखडतात. अमळनेरला मात्र आखाजीच्या पाठोपाठ सखाराम महाराजांची यात्रा येते, एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी निघते. त्या निमित्तानं लेकीचा मुक्काम लांबला तर लांबतो.

सगळ्यांत भक्कम आहे ती कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. घरातल्या माणसांच्या हिशेबानं रोटांसाठी गहू मोजायचे, नारळाला देवीचं रूप द्यायचं, रात्रभर गाणी म्हणून जागायचं आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर बोळवण करायची. पोटापाण्यासाठी सुरतेला गेलेली घरंही या दिवसासाठी गावी येतात, कारण रोट भाऊबंदांनी मिळून खायचे असतात आणि नेमका वारही रविवार असतो. या गर्दीत अहिराणी गाणी डीजेवर वाजतात, मोबाईलवर घुमतात. जुन्या बायकांना ते फारसं रुचत नाही. पण मिरवणुकीत देवीपुढं नाचणाऱ्या पोरांना ती पाठ असतात, आणि पुढच्या श्रावणापर्यंत कुणीतरी नवं रचलेलं असतं.