अठ्ठेचाळिसावी डबी

सिंदखेड राजा तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत, संक्रांतीचं सगळ्यांत मोठं हळदीकुंकू एकाच घरी व्हायचं. यादी सासू करायची, वाण सून आणायची. यादीत सत्तेचाळीस नावं होती. तिळगूळ पातळ पिशवीत बांधून द्यायची त्या घरची रीत, पण त्या वर्षी आठवीतल्या नातीने हरकत घेतली. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून तर मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची फिल्मसुद्धा देशभर बंद झाली, हे तिने शाळेच्या निबंधात लिहिलं होतं. निबंधात एक आणि घरात दुसरं, हे तिच्या मनाला लागत होतं.

"तिळगूळ कागदी डबीत द्यायचा," ती म्हणाली. "डब्या मी करते."

मोबाइलवर अशा डब्यांचे छापायला तयार नमुने हवे तेवढे मिळतात. तिने उशीच्या आकाराची डबी निवडली. दोन पाठी, चिकटवायला एक पट्टी आणि दोन्ही टोकांना कमानीसारखे आत वळणारे कान. अखंड रेघेवर कापायचं, तुटक रेघेवर मोडायचं. कोऱ्या नमुन्यावर तिने स्वतः काढलेलं चित्र बसवलं, सिंदखेड राजाच्या राजवाड्याचा दरवाजा. १२ जानेवारीला पहाटे उठून सगळी गल्ली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिथे जाऊन आली होती. १५९८ साली जिथे जिजाऊ जन्मल्या त्या वाड्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मुलीच्या डोळ्यांसमोर अजून तोच दरवाजा होता. चित्राखाली तिने एक चौकट आखली, चौकटीत आधीच "सौ." लिहिलं आणि पुढे नावासाठी जागा सोडली.

उलगडलेली डबी साडेसतरा सेंटिमीटर रुंद आणि चौदा उंच होती. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा, म्हणजे एका कागदावर दोन डब्या एकीखाली एक बसायच्या आणि बाजूला साडेतीन सेंटिमीटरची कोरी पट्टी उरायची.

झेरॉक्सच्या दुकानात पहिला कागद छापून आला आणि तिचा सगळा उत्साह ओसरला. कागद नेहमीचा, ऐंशी जीएसएमचा. डबी उभी राहीना, हात लागला की दबायची. लाडूही तीन बसायला हवे होते ते दोनच बसले. ती रडवेली होऊन ओट्यावर बसली तेव्हा समोरच्या घरातली काकू बघत होती.

या काकूचा हात कागदावर बसलेला होता. शिवणकाम करून उरलेल्या वेळात ती किराणा दुकानांसाठी रद्दीच्या पिशव्या करायची. शेतकरी आत्महत्यांच्या नोंदी सरकार ज्या सहा जिल्ह्यांसाठी वेगळ्या ठेवतं त्यांत बुलढाणा आहे, आणि काकूच्या घरातला माणूस दोन वर्षांच्या नापिकीनंतर त्याच नोंदींत गेला होता. गल्लीत तिच्याबद्दल कुणी वाईट बोलत नसे. कामाला मात्र सगळ्यांना तीच आठवायची.

"लाडू आण आधी," काकू म्हणाली. "डबी मंग पाहू."

मुलीने लाडू आणला. काकूने तो पट्टीवर ठेवून मोजला, तीन लाडू ओळीत लावून पुन्हा मोजले, मग छापलेली डबी मोजली. जी पाठ आठ सेंटिमीटर रुंद हवी ती त्याहून कमी भरली. "तुह्या मोबाइलात बरोबर हाय, कागदावर लहान झालं. मशीननं आक्रसलं असंल."

तसंच झालं होतं. दुकानातल्या संगणकावर "फिट टू पेज" चालू राहिलं होतं, त्यामुळे सगळं चित्र कागदाच्या समासात मावेल इतकं लहान झालं होतं. दुसऱ्या खेपेला मुलीने "अ‍ॅक्च्युअल साइझ" निवडायला लावलं आणि छापून आलेला कागद पट्टीने मोजल्याशिवाय पुढचा काढू दिला नाही. दुकानदाराकडे लग्नपत्रिकांसाठी जालन्याहून आणलेलं अडीचशे जीएसएमचं कार्डशीट होतं, ते त्याने मशीनच्या बाजूच्या ट्रेमधून एकेक करून घातलं.

जाड कागद मोडायची एक वेगळी विद्या आहे आणि ती कुठल्याही नमुन्यावर छापलेली नसते. काकूने कार्डशीट आधी उभं वाकवलं, मग आडवं. एका बाजूने ते सहज वळलं, दुसऱ्या बाजूने अडलं. कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सरळ आणि स्वच्छ बसते, आडवी घातली तर घडीवर कागद फुटतो. काकूला तंतू माहीत नव्हते, कल माहीत होता. संपलेल्या पेनची रिकामी रिफिल आणि स्टीलची पट्टी घेऊन तिने प्रत्येक तुटक रेघेवर आधी वळ उमटवला. कमानीच्या वळणासाठी डब्याचं झाकण ठेवलं. मग कागद आपणहून मोडल्यासारखा मोडत गेला. दरवाजाच्या चित्राची कड घडीवर येत होती, तिथे शाई तडकून पांढरी रेघ दिसायला लागली. तेव्हा मुलीने चित्र अर्धा सेंटिमीटर आत घेतलं. तिळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो, ते कागदावर डागासारखं उतरतं. म्हणून आत बटर पेपरचा तुकडा घालायचं ठरलं.

चोवीस कागद छापले, अठ्ठेचाळीस डब्या झाल्या. त्यांतल्या बहुतेक काकूने चिकटवल्या. मुलगी कापायची, काकू वळ पाडून खळ लावायची. दुपारी ओट्यावर ऊन यायचं तेव्हा दोघी बाहेर बसायच्या.

सत्तेचाळीस नावं संपली आणि एक डबी बिननावाची उरली.

"ही तुझी," मुलगी काकूला म्हणाली. तिच्या दृष्टीने त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

काकूने डबी हातात घेतली, चौकटीवरून अंगठा फिरवला. "यावर आधीच सौ. छापलं हाय, माय. माहं नाव यात बसत नाई." आणि तिने ती डबी बाकीच्या सत्तेचाळिसांच्या शेजारी, जरा अंतरावर ठेवली.

हे ती रागाने बोलली नाही. मुलीला त्याचंच जास्त वाईट वाटलं. चौकटीतलं ते एक अक्षर तिनेच लिहिलं होतं आणि लिहिताना तिच्या मनात काहीच नव्हतं. अशी चौकट लिहिणाऱ्याच्या मनात सहसा काही नसतंच, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षं तशीच छापली जाते.

रात्री जेवताना तिने विषय काढला. आई गप्प झाली. मग म्हणाली, "बायका येणार नाहीत. आणि आल्या तरी मनात धरतील." आईची भीती खोटी नव्हती. ज्या जिल्ह्यात घरातला पुरुष असा अचानक जाताना बायकांनी पाहिला आहे, तिथे आपल्या कुंकवाला दृष्ट लागू नये म्हणून जीव घाबरतो. त्या भीतीला हसावं असं मला वाटत नाही. पण ती भीती शमवायला दरवेळी ज्या बाईचं आधीच सगळं गेलं आहे तिलाच दाराबाहेर ठेवायचं, हे मला कधी पटलेलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ठराव ग्रामपंचायतीत होतो. हळदीकुंकवाची यादी मात्र स्वयंपाकघरात होते.

मुलगी आजीकडे वळली. "आजी, शहाजीराजे गेल्यावर जिजाऊ किती वर्षं जगल्या?"

आजीला ही गोष्ट पाठ होती, नातीला तिनेच सांगितली होती. १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे कर्नाटकात घोड्यावरून पडून गेले. जिजाऊ सती निघाल्या होत्या, शिवबांनी अडवलं. पुढे दहा वर्षं त्यांनी स्वराज्य सांभाळलं, राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला आणि १७ जून १६७४ ला, त्या सोहळ्यानंतर अकराव्या दिवशी, पाचाडला देह ठेवला.

"मग त्या दहा वर्षांतल्या जिजाऊ आपल्या घरी आल्या असत्या, तर तू त्यांचं नाव यादीत घातलं असतं?"

आजीने ताटात हात धुतला आणि उठून गेली.

मुलीला एक गोष्ट तोवर कधी जाणवली नव्हती, ती त्या रात्री जाणवली. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. दर संक्रांतीला बैठकीत बायका बसायच्या आणि आजी मागे चुलीजवळ लाडू वळायची. तिला तेच आवडतं असं घरात सगळे धरून चालले होते. जी यादी आजी इतक्या काळजीने करायची, तिच्यात आजीचं स्वतःचं नाव नव्हतं.

सकाळी आजी पाटावर बसून बोटांची पेरं मोजत होती. "काकू एक. शाळेजवळची म्हातारी दोन. तिची सून तीन." ती अकरावर थांबली. अकरावं नाव तिने घेतलं नाही, नुसतं स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. "एक डबी उरली हाय. अजून दहा लागतील. कागद किती?"

"पाच," मुलगी म्हणाली.

ती दुकानात गेली आणि नव्या पाच कागदांवरून तिने "सौ." काढून टाकलं. डब्या घेऊन काकूकडे आली तर काकूने मान हलवली. आधी ती यायलाच तयार नव्हती. दया म्हणून बोलावत असाल तर नको, असं तिने आजीला तोंडावर सांगितलं होतं, आणि आजीने उत्तर दिलं होतं, "दया कशाची? म्या बी बसणार हाय, तुह्या शेजारी." आता तिची अडचण वेगळी होती. "दहा डब्या अशा आणि बाकीच्या तशा. म्हंजे याद्या दोनच राहिल्या की वं."

उरलेल्या पट्ट्या अजून कोपऱ्यात पडल्या होत्या. काकूने त्यांच्यावर हळदीच्या पाण्याचा हात फिरवला, वाळल्यावर कात्रीने पाच पाकळ्यांची फुलं कापली, आणि अठ्ठावन्न डब्यांवर चौकटीच्या त्याच कोपऱ्यात एकेक फूल चिकटवलं. आधीच्या डब्यांवर फुलाखाली एक अक्षर होतं, नव्यांवर फुलाखाली काही नव्हतं. वरून बघणाऱ्याला फरक कळत नव्हता. उरलेल्या अकरा डब्यांवर मुलीने नावं घातली, त्यांत एक आजीचं.

रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी हळदीकुंकू झालं. शाळेजवळची म्हातारी कुंकवाला नको म्हणाली, हळद लावून घेतली आणि तिळगुळाची डबी पदरात घेतली. कुणी तिला आग्रह केला नाही. आजी काकूशेजारी बसली होती आणि लाडू वळायला त्या दिवशी आई चुलीजवळ होती. सहा बायका आल्याच नाहीत. एक दारापर्यंत येऊन आत कोण कोण बसलंय ते पाहून परत गेली.

संध्याकाळी सात डब्या उरल्या. आईने त्या फडताळात ठेवायला घेतल्या तर आजी म्हणाली, "यादीतलं नाव हाय. डबी ज्याची त्याला पोचली पायजे."

दुसऱ्या दिवशी आजी, काकू आणि मुलगी डब्या घेऊन निघाल्या. तीन घरी सरळ हातात घेतल्या गेल्या. एका घरी सुनेने घेतली, सासू आतून बोलली नाही. दोन घरांना कुलूप होतं, तिथल्या डब्या शेजारी दिल्या. शेवटचं घर दारातून परत गेलेल्या बाईचं होतं. ती उंबऱ्यात उभी राहिली. डबी घेतली, उलटसुलट पाहिली, कान उघडून पुन्हा बंद केला. काम सुबक होतं, ते तिलाही नाकारता येईना. मग ती काकूकडे बघून जरा टोचून म्हणाली, "मंग आता पुढल्या वर्षी तुह्याच घरी करशील काय हळदीकुंकू?"

काकू क्षणभर थांबली. "करीन," ती म्हणाली. "तुमचं नाव लिवून घेते यादीत."