पाचवीचं जागरण

आमच्याकडे मराठवाड्यात लेकरू जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते. पाटा-वरवंटा मांडतात, हळदीकुंकू वाहतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, अशी समजूत. त्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही, बाळाला एकटं ठेवायचं नाही. घरातल्या बायका आळीपाळीनं जागतात.

पाचवाच दिवस का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. उत्तर आकड्यांत सापडलं. पहिल्या महिन्यात जी बाळं दगावतात, त्यांतली जवळजवळ तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात. धनुर्वाताची लक्षणंही बहुधा याच सुमारास, पहिल्या दोन आठवड्यांत दिसायची. म्हणून जगात कित्येक ठिकाणी त्याला सातव्या किंवा आठव्या दिवसाचा आजार म्हणत. नाव बाराव्या दिवशी ठेवायचं, म्हणजे धोक्याचे दिवस सरल्यावर. ज्या बायकांनी ही रीत घातली त्यांनी पाटीवर आकडे मांडले नव्हते. त्यांनी लेकरं पुरली होती. त्या भीतीला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. भीती खरी होती, वेळही अचूक हेरलेली होती. पाहायचं काय, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या काकूचं पहिलं बाळ नवव्या दिवशी गेलं. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आदल्या सकाळपासून बाळ रडलं नव्हतं. येणारी जाणारी प्रत्येक बाई म्हणत होती, किती गुणाचं लेकरू, आईला जरा त्रास नाही. काकू एकदोनदा पुटपुटली, "अंगावर पिईना गेलंय." आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावला, तर कपाळ गार. ताप नाही म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी शहरात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रक्तात इन्फेक्शन गेलंय. संध्याकाळी काका रिकाम्या हातानं परतले. पुढं कितीतरी वर्षं घरात एकच वाक्य होतं, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं.

नवजात बाळातल्या सेप्सिसचं, म्हणजे जंतुसंसर्गानं सगळं शरीर वेढलं जाण्याचं, हेच वैशिष्ट्य आहे की ते गाजावाजा करत नाही. मोठ्या माणसाला थंडी वाजते, ताप फणफणतो, तो कण्हतो. चार दिवसांच्या बाळाच्या अंगात पुष्कळदा तापाएवढीही ताकद नसते. ते गार पडतं. रडणं बारीक होतं, मग थांबतं. हातपाय सैल पडतात, चोखणं मंदावतं. श्वास मिनिटाला साठच्या वर जातो, छाती आत ओढली जाते. कधी पोट फुगतं, कधी नाळेच्या जागी पू दिसतो. यातलं बरंचसं एखाद्या शांत, झोपाळू बाळाचं वर्णन वाटावं असंच आहे. आपण ज्याला गुणाचं बाळ म्हणतो, ते कधी कधी मरणाच्या दारात असतं. काकूला हे कळलं होतं, फक्त तिच्या सांगण्याला आजाराचं नाव नव्हतं. नाव नाही म्हणून तिचं बोलणं बाळंतिणीचा हळवेपणा ठरलं.

या आजाराला घरातच ओळखता येतं, हे महाराष्ट्रानंच जगाला दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत बाळांच्या मृत्यूंची कारणं शोधली, तेव्हा निम्म्याहून अधिक मृत्यू सेप्सिस आणि न्यूमोनियाचे निघाले. गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यदूत केलं. वजन करणं, श्वास मोजणं, लक्षणं जुळवणं हे शिकवलं. लक्षणं जुळली आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. शाळा अर्धवट सोडलेल्या बाईच्या हाती सुई द्यायची म्हटल्यावर वैद्यकीय जगातून विरोध झाला, तो समजण्यासारखाही होता. पण १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जे छापून आलं ते असं : सेप्सिस झालेल्या बाळांतली आधी शंभरातली साधारण १७ दगावत, या बायकांच्या उपचारानंतर ते प्रमाण तिनाच्या आत आलं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले होते. मला हे वाचताना पाचवीच्या रात्री जागणाऱ्या बायकाच आठवतात. जागरण तेच, त्यात आता घड्याळ आणि थर्मामीटर आलं.

त्याच धड्यावर पुढं देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती येते. या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की तिला मिळणारी रक्कम २५० रुपये ठरली होती. एका लेकराच्या पहिल्या दीड महिन्याच्या राखणीची ही किंमत आपण लावली, हे मला लिहितानाही खटकतं. आणि सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या मधल्या सात रात्री आईनंच जागायच्या असतात. काकूचं बाळ त्याच सात दिवसांत गेलं.

आता घराकडून दवाखान्याकडे वळायला हवं, कारण आज आपल्याकडची बहुतेक बाळंतपणं तिथंच होतात. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडचं नाव देशभर गेलं. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं. ४८ तासांत आकडा ३१ झाला, त्यात १६ लेकरं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. औषधसाठ्यावर, रिक्त पदांवर वाद झाला. एका खासदारानं अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. त्या लेकरांचा प्रत्येकाचा आजार कोणता होता, याबद्दल मी काही ठरवून टाकणार नाही. कुणाचं वजन कमी, कुणी अपुऱ्या दिवसांचं, कुणी शेवटच्या घटकेला खासगीतून धाडलेलं, हिंगोली-परभणीकडून, तेलंगणाच्या सीमेवरून आलेलं. पण एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. २४ बाळांसाठी असलेल्या त्या अतिदक्षता विभागात साठाहून अधिक बाळं होती.

या आकड्याचा अर्थ खाटांच्या टंचाईपुरता घेतला जातो. संसर्गाच्या अंगानं पाहिलं तर तो जास्त भयंकर आहे. साबण-पाण्यानं हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. एका बाळाला हात लावून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी ते करायचं. परिचारिकेच्या वाट्याला ठरल्याच्या अडीचपट बाळं आली की सगळ्यात आधी हेच सेकंद जातात. ती निष्काळजी असते म्हणून नव्हे, पलीकडे दुसऱ्या बाळाचा श्वास थांबत असतो म्हणून. ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवावी लागली की एकाचे जंतू दुसऱ्याचे होतात. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत तेरा हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास झाला, २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सेप्सिसच्या मुळाशी सगळ्यात जास्त आढळले ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे जंतू, आणि त्यांतले पुष्कळसे नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे. म्हणजे गडचिरोलीत जे औषध कामी आलं, ते अशा वॉर्डात हरण्याची शक्यता मोठी. तिथं उपचारापेक्षा हात धुणं मोठं ठरतं.

१८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरनं बरोबरच्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं उतरले. आपल्याच हातांनी मरण नेलं, हे मान्य करणं त्याच्या सहकाऱ्यांना जड गेलं. १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला, जखमेतून झालेल्या जंतुसंसर्गानंच.

हात धुवा, हे सांगायला सोपं आहे. लातूरच्या माणसाला ते सांगताना जीभ अडखळते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या शहरात पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ज्या घरात पंधरा दिवसांनी नळ येतो, तिथं बाळंतिणीनं लेकराला घेण्याआधी दर वेळी हात धुवावेत, ही अपेक्षा किती जणी पेलतील? आणि विष्णुपुरीला तर गोदावरीवर जलाशयच आहे. पाणी कुठं आहे आणि हात कुठं आहेत, हा आमच्या भागाचा जुना प्रश्न बाळाच्या पाळण्यापर्यंत येऊन पोचतो. ऊसतोडीला गेलेल्या, झोपडीवजा कोपीत बाळंत झालेल्या बाईपर्यंत तर आशाताईही पोचत नाही, कारण तिचं नाव गावच्या यादीत आणि ती फडावर.

तरी काही गोष्टींना पैसाही लागत नाही. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं ही त्यातली एक. भारतासह पाच देशांत कमी वजनाच्या बाळांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मल्याबरोबर असं धरलेल्या बाळांचे मृत्यू चतुर्थांशानं कमी झाले. आई पाळण्यापासून दूर बाकावर बसलेली, बाळ काचेआड, ही आपली रीत बदलायला हवी. नाळेवर काही लावायचं नाही, मध-गुटी चाटवायची नाही, पहिलं दूध टाकायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी हे ठरवलं तर होईल. सुनेनं एकटीनं ठरवून होणार नाही.

आणि विचारणं. आमच्याकडचा बाप साहेबांपुढे हात जोडून उभा राहतो. "सिस्टर, हात धुतले का?" हे शब्द त्याच्या तोंडून निघणं म्हणजे उद्धटपणा वाटतो, त्याला आणि तिलाही. बाळाच्या हातातल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव असतं. बारसं व्हायच्या आत गेलेल्या बाळाला तेवढंच नाव मिळतं. त्याच्या मरणाला तरी नाव मिळायला हवं. रक्ताचा कल्चर रिपोर्ट काय आला, जंतू कोणता होता, तो घरून आला की वॉर्डातून, हे आईबापांना समोर बसवून त्यांच्या भाषेत सांगितलं पाहिजे. तसं झालं असतं तर माझ्या काकूला, माझ्या दुधातच काही खोट होती का, असं वीस वर्षांनंतरही विचारावं लागलं नसतं.

२०२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे ११ बाळं पहिल्या महिन्यात जात होती, देशात २०. आपण पुष्कळ पुढं आहोत, हे खरं. उरलेल्या अकरांत कितीजण वाचण्याजोगे होते, ते त्यांच्या मरणाचं कारण नीट लिहिलं तरच कळेल.

ज्यांच्या घरी आत्ता बाळंतीण आहे त्यांनी एवढं करावं. पाचवीला जागाल तेव्हा बाळाकडे पाहा. पितंय का, रडतंय का, पाय गार आहेत का, श्वास धापेचा आहे का. आई म्हणाली की लेकरू पिईना, तर तिचं ऐका. उजाडण्याची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ ला फोन लावा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार आणि तिथवरची गाडी, दोन्ही मोफत आहेत.