करुणा आणि दाखला

मुलाच्या हितासाठी त्याच्या वैगुण्याचा आकडा किंचित वाढवून लिहिणे हा धर्म की अधर्म, हा प्रश्न वऱ्हाडातील वाचा-उपचारतज्ज्ञापुढे नेहमी एखाद्या आईच्या रूपाने येऊन बसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वये सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांवर हक्क सांगावयाचा, तर किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि श्रवणतपासणीचा आकडा ३५ वर थांबला, की वेचणीची मजुरी बुडवून दर्यापुराहून आलेली ती माउली काकुळतीने म्हणते, ‘‘सायब, पाचच तं टक्के हायेत, द्या न लिहून.’’

अशा वेळी महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिकाची कथा आठवते. जीव वाचविण्यासाठी वनात लपलेल्या निरपराधांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना खरा सांगून तो तपस्वी नरकात गेला. भूतहिताला पारखे झालेले सत्य श्रीकृष्णाने धर्म मानले नाही. ही कथा त्या आईच्या बाजूने साक्ष देते, असे प्रथमदर्शनी वाटेल. मला तसे वाटत नाही. कौशिकाला लपणारे दिसले तरी होते. वाढीव दाखल्याने ज्याचा हक्क जातो तो मुलगा, ज्याच्या बापाजवळ धारणीहून अमरावतीपर्यंतचे एसटीचे भाडेही नसते, आपल्या दृष्टीस कधी पडतच नाही. करुणेने त्याचाही विचार केला पाहिजे.

मात्र नकार दिला म्हणजे सत्याचे ऋण फिटले, असे समजू नये. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. घरी तीच ऐकत वाढलेल्या पाच वर्षांच्या मुलापुढे मराठी चित्रांचे पुस्तक धरून ‘‘हे काय?’’ असे विचारावे, त्याने खाली मान घालून चड्डीची नाडी बोटाला गुंडाळीत बसावे, आणि केसपेपरवर ‘वाचाविकास मंद’ अशी नोंद व्हावी, हे असत्य मला त्या पाच टक्क्यांहून घोर वाटते. कारण तेथे लिहिणाऱ्याच्या मनाला टोचणीसुद्धा लागत नाही. १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा नोंदणीवाचून व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद फर्मावतो; नोंदणी असलेल्याने कोरकू दुभाषी बोलवावा, असा हुकूम त्यात नाही. तो हुकूम स्वतःच स्वतःला द्यावा लागतो.

तेव्हा अमरावती-अकोल्याच्या माझ्या व्यवसायबंधूंना विनंती एवढीच, की चिखलदऱ्याकडचे मूल समोर आले तर बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आजीला आधी आत बोलवावे, तिला मुलाशी तिच्या भाषेत बोलू द्यावे, आणि मगच तपासणीचा कागद भरावयास घ्यावा.