पुढाऱ्यांचा मान आणि आपली जीभ



निवडणूक जवळ आली की आपल्या मोबाइलवर एक विचित्र गोष्ट घडू लागते. सकाळी एखाद्या विश्वासणाऱ्याकडून पवित्र शास्त्रातले वचन येते. दुपारी त्याच नंबरवरून एखाद्या मंत्र्याची टिंगल करणारे चित्र येते. रात्री पुन्हा प्रार्थनेची विनंती येते. पाठवणाऱ्याला यात काही विसंगत वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर वाचणाऱ्या आपल्यालाही वाटत नाही. याकोबाला मात्र वाटले होते. एकाच मुखातून देवाचा धन्यवाद आणि माणसाला शाप निघावा हे योग्य नाही, असे त्याने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बजावले आहे. ज्याला आपण शाप देतो तो माणूसही देवाच्याच प्रतिरूपाचा आहे, हे त्याने दिलेले कारण आहे. ते कारण नगरसेवकाला लागू आहे, तसेच पंतप्रधानांनाही.

तेव्हा प्रश्न असा आहे : ज्यांना आपण मत दिले नाही, ज्यांचे निर्णय आपल्याला पटत नाहीत, कधी कधी ज्यांच्या निर्णयांची आपल्याला भीतीही वाटते, त्या पुढाऱ्यांविषयी ख्रिस्ती माणसाने कसे बोलावे?

वचन काय सांगते?

पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:१७) चार छोट्या आज्ञा एकापाठोपाठ आल्या आहेत. सर्वांना मान द्यावा, बंधुवर्गावर प्रीती करावी, देवाचे भय धरावे आणि राजाचा मान राखावा. यातील शब्दांची वाटणी लक्षपूर्वक पाहा. भय फक्त देवासाठी राखून ठेवले आहे, राजासाठी नाही. राजाला मान द्यायचा आहे. आणि मूळ ग्रीक भाषेत राजासाठी जे क्रियापद आहे तेच आधी 'सर्वांसाठी' वापरले आहे. म्हणजे राजवाड्यातल्या माणसाचा मान आणि रस्ता झाडणाऱ्या माणसाचा मान एकाच मुळातून येतो. जो घरकाम करणाऱ्या बाईशी तुसडेपणाने बोलतो आणि आमदारांसमोर हात जोडून उभा राहतो, त्याने ही आज्ञा पाळली असे म्हणता येणार नाही.

रोममध्ये इ. स. ५४ ते ६८ या काळात नीरोचे राज्य होते. पौलाने रोमकरांस पत्र लिहिले ते त्याच काळात. तेव्हा तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांना मान देण्याविषयी जे लिहिले आहे, ते चांगला राजा मिळाला म्हणून आनंदाने लिहिलेले नाही. मान हा त्या माणसाच्या गुणांचे बक्षीस नव्हे. देवाने ज्या अधिकाराला जागा दिली आहे त्याविषयी आपण ठेवायची ती वृत्ती आहे.

त्रिपुरीची गोष्ट

जबलपूरहून भेडाघाटाकडे जाताना तेवर गाव लागते. कलचुरी राजांची प्राचीन त्रिपुरी ती हीच. मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन या त्रिपुरीच्या नावाने भरले. जबलपूरच्या भर बाजारात उभे असलेले कमानिया गेट हे त्याचेच स्मारक.

त्या जानेवारीत सुभाषचंद्र बोस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पट्टाभी सीतारामय्यांपेक्षा दोनशेहून थोड्या अधिक मतांनी निवडून आले होते. पट्टाभींचा पराभव हा माझाच पराभव आहे, असे महात्मा गांधींनी जाहीर केले. मने दुभंगली. अशा वातावरणात बावन्नाव्या अधिवेशनासाठी बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली, पण रथात अध्यक्ष नव्हते, त्यांचे छायाचित्र होते. सुभाषबाबू तापाने फणफणत होते. त्यांना स्ट्रेचरवरून मंडपात आणावे लागले आणि त्यांचे भाषण थोरले बंधू शरच्चंद्रांनी वाचून दाखवले.

आणि तेव्हाच कुजबुज सुरू झाली की हा आजार खरा नाही, सोंग आहे. राजकीय मतभेद एका आजारी माणसाच्या अंथरुणापर्यंत पोहोचला. सुभाषबाबूंना ते इतके लागले की पुढच्याच महिन्यात 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात त्यांनी आपल्या या आजारावर एक लेख लिहिला. त्यात त्रिपुरीच्या वातावरणाने मन किती विटले ते त्यांनी लिहिले आहे. पण त्याच लेखात दुसरीही गोष्ट आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून, वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांकडून त्यांना पत्रे येत होती. कोणी औषध पाठवी, कोणी ताईत, कोणी प्रार्थना करी. विटलेले मन या प्रेमाने सावरले.

भावा-बहिणींनो, एकाच स्ट्रेचरभोवती दोन प्रकारचे लोक होते. एक कुजबुजणारे, एक प्रार्थना करणारे. आजही प्रत्येक पुढाऱ्याभोवती हेच दोन गट असतात. आपण कोणत्या गटात बसलो आहोत?

गोष्ट इथे संपत नाही. एप्रिलच्या अखेरीस सुभाषबाबूंनी अध्यक्षपद सोडले. गांधीजींशी त्यांचे मार्ग वेगळे झाले ते कायमचे. तरीही ६ जुलै १९४४ रोजी परदेशातून रेडिओवर बोलताना त्यांनी गांधीजींना राष्ट्रपिता म्हणून संबोधले आणि त्यांचे आशीर्वाद मागितले. मार्ग पटला नव्हता. माणसाचा मान मात्र राखला होता. सुभाषबाबूंना जे साधले ते, ज्यांना शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा मिळाली आहे त्या आपल्याला जड का जावे?

मग अन्यायाविरुद्ध बोलायचेच नाही का?

बोलायचे. मान राखणे म्हणजे तोंड बंद ठेवणे असे शास्त्र कुठेही शिकवत नाही. नाथान दावीद राजासमोर उभा राहिला आणि त्याचे पाप त्याच्या तोंडावर सांगितले (२ शमुवेल १२). बाप्तिस्मा करणारा योहान हेरोदाला स्पष्ट सांगत राहिला आणि त्यासाठी तुरुंगात गेला. प्रभू येशूनेही हेरोदाला कोल्ह्याची उपमा दिली, पण ती चारचौघांत हशा पिकवण्यासाठी नव्हती. धमकी घेऊन आलेल्यांबरोबर परत पाठवलेला तो निरोप होता. हे सारे बोलणे त्या राज्यकर्त्यासाठी होते. आपली टिंगल बहुधा त्याच्यासाठी नसते. ती आपल्याच कंपूच्या करमणुकीसाठी असते.

पौलाचे उदाहरण तर आरशासारखे आहे (प्रेषितांची कृत्ये २३). सभेत त्याच्या तोंडावर मारण्याचा हुकूम झाला तेव्हा तो संतापला आणि हुकूम देणाऱ्याला त्याने चुना लावलेल्या भिंतीची उपमा दिली. तो मुख्य याजक आहे हे कळताच त्याने निर्गमातल्या आज्ञेचा दाखला देऊन अपशब्द आवरला. पण हुकूम नियमाविरुद्ध होता, हे म्हणणे त्याने मागे घेतले नाही. अपमान सोडायचा, सत्य सोडायचे नाही, हे त्या दोन वाक्यांत शिकायला मिळते.

आपल्या महाराष्ट्रात याचा नमुना पंडिता रमाबाईंनी घालून दिला. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती आणि सरकारी बंदोबस्त कठोर होता. रमाबाईंच्या आश्रयाला असलेल्या मुलींना प्लेगच्या इस्पितळात जे भोगावे लागले, त्याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे नाकारले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. राज्यकर्ते ख्रिस्ती म्हणवणारे आणि त्याही ख्रिस्ती, म्हणून त्यांनी झाकपाक केली नाही. त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले, आपल्या मुलींविषयी लिहिले, आणि ज्यांच्या हाती उपाय होता त्यांच्यापर्यंत ते पोहोचेल असे लिहिले.

त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या माहितीवरून त्यांनी तिथे सैनिकांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर त्यातले सिद्ध करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्याबद्दल स्वकीयांचे टोमणेही सोसले. अधिकाऱ्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही तर तो परत घेणे हे दुबळेपण नाही. नवव्या आज्ञेत खोटी साक्ष देऊ नये असे म्हटले आहे, आणि पुढाऱ्यांविरुद्धची खोटी साक्ष त्यातून वगळलेली नाही. आपल्या समाजाविषयी कोणी खोटी बातमी पसरवली की आपल्याला किती लागते! मग शहानिशा न करता दुसऱ्याविषयीची बातमी पुढे ढकलताना आपले बोट का थांबत नाही?

दाद मागण्याची वाट

१९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. त्यानंतर नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. या राज्याने १९६८ साली धर्मांतराविषयीचा कायदा केला तेव्हा अनेक ख्रिस्ती लोकांना तो आपल्या सेवेवर घाव वाटला. रेव्ह. स्टॅनिस्लॉस यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, आणि जानेवारी १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले.

निकाल विरुद्ध गेला, मग यात शिकण्यासारखे काय? मार्ग. पौलाने कैसराकडे दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २५), तशीच ही वाट होती. अर्ज करणे, निवेदन देणे, न्यायालयात जाणे, शांतपणे मोर्चात चालणे, मत देणे, आणि निकाल विरुद्ध गेला तरी शिवीगाळ न करता पुन्हा कायद्याच्या वाटेने उभे राहणे, हा सर्व अधिकाराला मान देण्याचाच भाग आहे. कारण ज्याच्याकडे आपण न्याय मागतो त्याच्या पदाचे महत्त्व आपण मागण्यातूनच मान्य करत असतो. आणि जिथे माणसाची आज्ञा देवाच्या आज्ञेआड येते, तिथे दानीएलाने केले तेच करायचे : प्रार्थना सोडायची नाही, परिणाम सोसायचा, आणि सिंहांच्या गुहेतूनसुद्धा राजाशी आदराने बोलायचे (दानीएल ६).

दुसरा खड्डा : लोटांगण

निंदेचा खड्डा टाळताना आपण खुशामतीच्या खड्ड्यात पडू नये. नाताळच्या कार्यक्रमाला पुढारी येतात. त्यांचे स्वागत करावे, शाल-श्रीफळ द्यावे, पुढची खुर्ची द्यावी. यात गैर नाही. पण व्यासपीठावरून एखाद्या पक्षाच्या विजयासाठी प्रार्थना होऊ लागली, किंवा कबरस्तानाच्या जागेच्या आशेने स्तुतीला पूर आला, तर तो मान नव्हे, तो सौदा आहे. हेरोदाला लोकांनी देव म्हटले आणि त्याने ते गोड मानून घेतले, त्याचा शेवट आपण वाचतो (प्रेषितांची कृत्ये १२). दोष त्याचा होता, पण ओरडणाऱ्यांनीही त्याला त्या टोकाला नेले होते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही हाच इशारा दिला होता. धर्मात भक्ती आत्म्याला तारू शकेल, पण राजकारणातली विभूतिपूजा देशाला अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ज्यांनी येशूला प्रभू मानले आहे त्यांना हे समजायला अवघड नाही. आपले गुडघे एकापुढेच टेकतात. म्हणूनच बाकी सर्वांपुढे आपण ताठ पण नम्र उभे राहू शकतो.

पाठवण्याआधी, बोलण्याआधी

या आठवड्यात एक सवय लावून घ्या. कोणत्याही पुढाऱ्याविषयी काही बोलण्यापूर्वी किंवा पुढे पाठवण्यापूर्वी स्वतःला चार गोष्टी विचारा.

१. हे खरे आहे, हे मला कसे कळले?

२. हे मी त्यांच्यासमोर, माझ्या नावानिशी, याच शब्दांत म्हणू शकेन का?

३. मी त्यांच्या कृतीविषयी बोलतो आहे, की त्यांच्या जातीविषयी, रूपाविषयी, आजाराविषयी, कुटुंबाविषयी?

४. मी या माणसाचे नाव घेऊन शेवटची प्रार्थना कधी केली?

चौथा प्रश्न सर्वांत कठीण आहे. तीमथ्याला लिहिताना पौलाने राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी विनंत्या, प्रार्थना आणि उपकारस्तुतीही करायला सांगितली आहे (१ तीमथ्य २:१-२). यिर्मयाने तर बाबेलात बंदिवान म्हणून गेलेल्यांना त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करायला सांगितले (२९:७). ज्यांनी बंदिवान करून नेले त्यांच्या नगरासाठी! त्या मानाने आपल्यापुढचे काम सोपे आहे. आपला नगरसेवक, आमदार, खासदार, जिल्हाधिकारी, मुख्यमंत्री, पंतप्रधान आणि विरोधी पक्षातले नेतेसुद्धा, यांची नावे एका कागदावर लिहा आणि रोज एकेकासाठी प्रार्थना करा. प्रार्थना केल्यावर त्यांच्याविषयीचा मतभेद कदाचित तसाच राहील. पण सकाळी ज्याच्यासाठी गुडघे टेकले, त्याची रात्री जेवणाच्या ताटावर मुलांदेखत टवाळी करणे जमणार नाही. आणि मुले हे पाहत असतात. अधिकाराविषयी ती जे शिकतील ते आपल्या बोलण्यातून शिकतील, मग तो अधिकार सरकारचा असो, शिक्षकांचा असो की आपला स्वतःचा.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमच्या देशाच्या आणि राज्यांच्या सर्व अधिकाऱ्यांना तुझ्या हाती देतो. त्यांना न्यायाची जाण, गरिबांची कणव आणि तुझे भय दे. जिथे ते चुकतात तिथे सत्य सांगण्याचे धैर्य आम्हाला दे, आणि ते सांगताना आमच्या जिभेवर पहारा ठेव. आमच्या तोंडून खोटी साक्ष आणि खोटी स्तुती, दोन्ही निघू देऊ नको. येशूच्या नावाने मागतो, आमेन.