वाटणीचे माप

खर्चाची वाटणी हा हिशेबनिसाचा विषय. नीतिशास्त्राने त्यात पडू नये, असा एक सर्वसाधारण समज आहे. परंतु सामाईक खर्चाचा वाटा कोणी किती उचलावा हे सांगण्यापूर्वी तो कोणत्या मापाने मोजावा हे ठरवावे लागते, आणि हा निर्णय न्यायबुद्धीचाच असतो.

नवापूरच्या रेल्वे स्टेशनाचेच उदाहरण घेऊ. १ मे १९६० रोजी मुंबई राज्य दुभंगले आणि सुरत-भुसावळ मार्गावरील हे स्टेशन ऐन सीमेवर आले. सुमारे ८०० मीटर लांबीपैकी ३०० मीटर महाराष्ट्रात, ५०० मीटर गुजराथेत. तिकिटांची खिडकी इकडे, स्टेशनमास्तरांची कचेरी तिकडे. रेल्वे केंद्र सरकारची असल्यामुळे तेथील दिवाबत्तीचा खर्च या दोन राज्यांस वाटून घ्यावा लागत नाही. पण तसा प्रसंग येता तर? लांबीच्या मापाने महाराष्ट्राकडे आठांतील तीन वाटे आले असते. तिकिटे जेथे विकली जातात त्या जागेच्या मापाने सारा भार महाराष्ट्रावर पडला असता. उतारूंच्या वस्तीप्रमाणे तिसरेच प्रमाण निघाले असते. हिशेब तिन्ही बिनचूक; परंतु तिन्ही एकाच वेळी न्याय्य असणे शक्य नाही.

आजच्या व्यापारी पेढ्यांत ही निवड संगणकाच्या हवाली झाली आहे. भाडे जागेच्या क्षेत्रफळावर, वीज वापरावर, पगार कामाच्या तासांवर, असे नियम एकदा नावानिशी बांधून ठेवावयाचे. पुढे दरमहा ते नाव निवडले की वाटणी आपोआप होते. यात मोठा गुण आहे. नियम खर्चाच्या आधीच ठरल्यामुळे तोंड पाहून वाटा कमीजास्त करण्यास वाव राहत नाही. मात्र दोषही या गुणाच्याच पोटी जन्मतो. एखाद्या खात्याने निम्मी जागा सोडली तरी जुनेच प्रमाण चालू राहते, आणि विचारणाऱ्यास उत्तर मिळते, 'नियमच तसा आहे.' नियम केला माणसाने. जबाबदारी मात्र यंत्राची!

नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ साली सरदार सरोवराचा सामाईक खर्च विजेकडे ५६.१ टक्के व सिंचनाकडे ४३.९ टक्के असा विभागला. विजेचे वाटे मध्य प्रदेशास ५७, महाराष्ट्रास २७ व गुजराथेस १६ टक्के ठरविले, आणि विजेचा खर्चही त्याच प्रमाणात लावला. लाभ तेथे भार, हे त्यामागील कारण कोणासही वाचता येते. शिवाय पाणीवाटपाचा ४५ वर्षांनंतर पुनर्विचार करता येईल, अशी मुदत लवादाने स्वतःच घातली. कारण उघड असणे व मुदत असणे, ही दोन लक्षणे प्रत्येक नियमाच्या ठायी असावीत.

तथापि एवढ्याने न्याय पुरा होत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे या जलाशयाच्या बुडितात आली. पुनर्वसनाचा पैसा हिशेबात धरला गेला. पिढ्यान्‌पिढ्यांचा नदीकाठ सुटला, त्यास कोणताच रकाना नव्हता. म्हणून नियम पुनःपुन्हा अवश्य वापरावा; पण तो तपासण्याची वेळ आली म्हणजे केवळ बेरीज जुळते की नाही हे न पाहता, ज्याच्या माथी वाटा येतो त्यालाही बोलावून विचारावे.