वेतन घेणारी सेवा ही सेवा आहे काय?

आमच्या ओळखीच्या एका खेड्यांतील मंडळींत नुकताच एक वाद उत्पन्न झाला, व तो तेथील पाळकांनीं आमच्यापुढें ठेविला आहे. मंडळींतील एका विधवा बाईची मुलगी परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून शहरांतील एका रुग्णालयांत नोकरीस आहे. गेल्या पावसाळ्यांत आईस अर्धांगवायूचा झटका येऊन ती अंथरुणास खिळली. मुलगी दरमहा पैसे पाठविते, आणि त्या पैशांतून शेजारची एक बाई आईची उठबस करिते. मंडळींतील कांहीं वडील माणसें म्हणूं लागलीं कीं, पगारासाठीं ही मुलगी परक्यांचें मळमूत्र काढिते आणि जन्मदात्या आईस मोलाच्या हातांवर टाकिते. ही कसली सेवा? दुसरे म्हणाले कीं, तिनें पैसे पाठविले नाहींत तर औषध कोठून आणावें? खुद्द मुलीनें पाळकांस तीन गोष्टी विचारिल्या आहेत. नोकरी सोडून घरीं यावें काय? घरीं राहून करितां येईल असें परिचारिकेचें कांहीं काम आहे काय? आणि मी पगार घेतें म्हणून माझें काम प्रभूचें नव्हे काय?

ह्या तिहींपैकीं शेवटचा प्रश्न मूळचा आहे, म्हणून त्याचा विचार प्रथम करूं. आपल्या मंडळ्यांत असा एक समज खोल रुजलेला आहे कीं, जें फुकट केलें तें देवाचें, आणि ज्याचें मोल घेतलें तें पोटाचें. हा समज दिसण्यांत पवित्र आहे. परंतु तो शास्त्रास धरून आहे काय, हें पाहिलें पाहिजे.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांतील चांगल्या शोमरोन्याचा दाखला लहान मुलांसही ठाऊक आहे. त्यानें जखमी वाटसरूच्या जखमा बांधिल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविलें व उतारशाळेंत नेलें, एवढें आपण आवडीनें सांगतों. पुढें काय झालें इकडे मात्र आपलें लक्ष क्वचितच जातें. दुसऱ्या दिवशीं तो शोमरोनी आपल्या वाटेनें निघून गेला. जातांना त्यानें उतारशाळेच्या रक्षकास दोन नाणीं दिलीं, त्या माणसाची काळजी त्याजवर सोंपविली, आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना तो फेडण्याचें वचन दिलें. म्हणजे त्या दुखणाइताची पहिल्या दिवसाची शुश्रूषा दयेनें झाली, व पुढील सर्व दिवसांची शुश्रूषा मोल देऊन झाली. रक्षकानें नाणीं घेतलीं म्हणून प्रभूनें त्यास दोष दिला नाहीं. शोमरोनी निघून गेला म्हणून त्याचें चांगुलपण उणें झालें असेंही म्हटलें नाहीं. त्याच अध्यायाच्या आरंभीं, शिष्यांस गांवोगांव पाठवितांना, कामकऱ्याचा मजुरीवरील हक्क प्रभूनेंच मान्य केला आहे. त्या रक्षकाच्या जागीं आज रात्रपाळीस जागून दुखणाइताची कूस बदलणारी नर्सबाई उभी आहे, असें आम्हांस वाटतें.

आतां इतिहासाकडे वळूं. जर्मनींतील कायझरस्वर्थ गांवीं थिओडोर फ्लीडनर ह्या पाळकांनीं १८३६ सालीं सेविकांचें एक गृह काढिलें. तेथील भगिनी पगार घेत नसत. परंतु त्यांच्या अन्नवस्त्राची, आजारपणाची व म्हातारपणाची सोय तें गृह करीत असे, हें विसरूं नये. १८५१ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या बाई तेथें राहून काम शिकल्या. १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांतील जखमी शिपायांसाठीं त्या स्कुटारीस गेल्या, आणि १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांनीं आपली शाळा उघडिली. तेथें शिकाऊ मुलींस राहण्याजेवणाबरोबर थोडा पगारही मिळे. गरिबाच्या मुलीस हें काम सन्मानानें करून पोट भरतां यावें, असा तो मार्ग होता. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: पगार न घेणें हें तेथेंच शोभतें, जेथें सेविकेच्या उद्यांची काळजी दुसऱ्या कोणीं तरी वाहिली आहे. जिच्या म्हातारपणाची चिंता कोणास नाहीं, तिनें पगार मागूं नये असें म्हणणें म्हणजे दुसऱ्याच्या ताटांतील भाकर देवास वाहण्यासारखें आहे.

आपल्या प्रांतांत ह्या कामाची वाट मिशन रुग्णालयांनीं रुंद केली. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उघडिलें, आणि तेथें शिकून तयार झालेल्या परिचारिका दूरदूरच्या गांवीं गेल्या. त्या काळीं परक्याच्या शरीरास हात लावणें, रात्रीं घराबाहेर राहणें, रक्त व विष्ठा धुणें हीं कुलीन स्त्रियांस न शोभणारीं कामें समजत असत. पुण्याच्या सेवासदनांत रमाबाई रानडे यांनीं विधवांस व इतर स्त्रियांस ह्या शिक्षणाकडे वळविलें, तेव्हां त्यांस लोकनिंदा सोसावी लागली. आपल्या मंडळ्यांतील मुलींनीं हें काम आधींपासून पत्करिलें होतें. पुष्कळ वर्षें हिंदुस्थानांतील परिचारिकांत ख्रिस्ती मुलींचा भाग फार मोठा होता. ज्या पांढऱ्या पोशाखानें आपल्या कित्येक घरांत पहिल्यानें रोख पगार आणिला, भावंडांस शाळेंत घातलें व घरावर कौलें चढविलीं, त्याच पोशाखास आज आपण पोटाचा धंदा म्हणून हिणवावें, हें कृतघ्नपणाचें आहे.

शिवाय, 'ही तर सेवा आहे' हें वाक्य बहुधा कोणाच्या तोंडीं असतें? ज्यास पगार द्यावयाचा असतो त्याच्या! कित्येक लहान खासगी रुग्णालयांत परिचारिकेस बारा तास राबवून अल्प वेतन दिलें जातें, आणि तिनें तक्रार केली कीं सेवाधर्माची आठवण करून दिली जाते. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ सालीं त्यावर नेमलेल्या समितीनें अशी शिफारस केली कीं, दोनशेंहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत सरकारी परिचारिकेइतकें वेतन असावें, आणि पन्नासांहून कमी खाटा असल्या तरी तें महिना २०,००० रुपयांहून कमी असूं नये. शिफारस ही आज्ञा नव्हे. तिचा अंमल होणें राज्यांवर व मालकांवर अवलंबून राहिलें. परंतु न्याय्य काय आहे, ह्याची एक खूण तींत सांपडते. कामकऱ्यांची अडकवून ठेविलेली मजुरी ओरडते, असें याकोबाच्या पत्रावरून आपण शिकलों आहों. तो ओरडा रुग्णालयाच्या भिंतींतूनही येऊं शकतो.

मग वेतन घेऊन केलेलें प्रत्येक काम सेवाच होय काय? तसेंही नाहीं. नाणीं घेऊन दुखणाइताकडे पाठ फिरविणारा रक्षकही असूं शकतो. पैशानें तास विकत मिळतात, त्या तासांतील माया विकत मिळत नाहीं. ह्याचें एक उदाहरण मुंबईनें पाहिलें आहे. १९७३ सालीं के. ई. एम. रुग्णालयांतील एका तरुण परिचारिकेवर क्रूर हल्ला होऊन तिची शुद्ध हरपली, ती पुन्हां पूर्णपणें आलीच नाहीं. त्याच रुग्णालयांतील परिचारिकांनीं २०१५ सालीं तिचा अंत होईपर्यंत, सुमारें बेचाळीस वर्षें, तिला भरविलें, न्हाऊ घातलें व स्वच्छ ठेविलें. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण तो क्रम मोडला नाहीं. २०११ सालीं तिचें अन्न थांबवावें काय हा प्रश्न न्यायालयापुढें आला, तेव्हां ह्या परिचारिका ती जगावी म्हणून उभ्या राहिल्या. त्या सर्व पगारी होत्या. त्यांच्या पगारानें त्यांची सेवा मलिन झाली असें म्हणण्यास कोण धजेल?

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं: घरीं राहून परिचारिकेचें काम होतें काय? मत्तयाच्या आठव्या अध्यायांत प्रभूनें तीन रोग्यांस बरें केलें. कुष्ठरोग्यास त्यानें हात लाविला. शताधिपतीच्या चाकरास दुरूनच, त्याच्या घरीं न जातां बरें केलें. आणि पेत्राच्या सासूस तिच्याच घरीं जाऊन उठविलें. आजच्या परिचारिकेच्या कामासही ह्या तीन वाटा आहेत, आणि तिहींचा मान सारखा आहे.

पहिली वाट रुग्णालयाची व आरोग्य केंद्राची. बारावीनंतर सहायक परिचारिका व सुईण होण्यास दोन वर्षें, सर्वसाधारण परिचारिका होण्यास तीन वर्षें व पदवीस चार वर्षें लागतात. पदवीसाठीं विज्ञानशाखा लागते. सरकारी दवाखान्यांत अधिपरिचारिका, लष्करांतील परिचारिका, शिक्षिका अशा जागा ह्या शिक्षणानें खुल्या होतात. २०१८ सालापासून खेड्यांतील उपकेंद्रें आरोग्यवर्धिनी केंद्रें होऊं लागलीं, आणि तेथें समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून परिचारिकांसही नेमण्यांत येऊं लागलें. म्हणजे गांवाजवळ राहून मानाची नोकरी करण्याचा एक मार्ग झाला.

दुसरी वाट घरोघरच्या शुश्रूषेची. शहरांत व तालुक्याच्या गांवीं अंथरुणास खिळलेल्या वृद्धांची संख्या वाढत आहे. मलमपट्टी, नळीनें अन्न देणें, इंजेक्शन, बाळंतिणीची काळजी ह्यांसाठीं घरीं येणारी परिचारिका लोकांस हवी असते. तास ठरवून घेतां येत असल्यानें जिला स्वतःचें घर सांभाळावयाचें आहे तिला हें काम सोईचें पडतें.

तिसरी वाट दुरून करावयाच्या कामाची. इंग्लंडांत १९९८ सालीं सरकारनें एक फोनसेवा काढिली. तींत परिचारिका दुखणाइताचें गाऱ्हाणें ऐकून, घरीं थांबावें कीं ताबडतोब दवाखाना गांठावा, हें सांगत. आपल्याकडेही २०१९ सालापासून ई-संजीवनीच्या द्वारें खेड्यांतील केंद्रांतून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळूं लागला. दीर्घ दुखणें असलेल्यांची फोनवर विचारपूस करणें, कागदपत्र तपासणें, विमा कंपन्यांसाठीं दाव्यांची छाननी, विद्यार्थिनींस शिकविणें हीं कामें घरीं बसून करितां येतात. परंतु ह्या जागा थोड्या असतात, आणि त्या बहुधा अनुभवी परिचारिकेसच मिळतात. जिनें खाटेजवळ उभें राहून श्वासाचा बदलता आवाज ऐकिला आहे, तीच फोनवर तो ओळखूं शकते. म्हणून नुकतीच उत्तीर्ण झालेल्या मुलीनें प्रथम दोनतीन वर्षें रुग्णालयांत काढावीं, असा आमचा सल्ला आहे.

येथें आईबापांस एक सूचना करणें अवश्य वाटतें. नोकरीच्या शोधांत असलेल्या भोळ्या मुलींस फसविणारे पुष्कळ आहेत. शिक्षणसंस्थेस परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय, हें पैसे भरण्यापूर्वीं पाहावें. उत्तीर्ण होतांच महाराष्ट्र परिचर्या परिषदेंत नांव नोंदवावें, कारण नोंदणीवांचून प्रमाणपत्र व्यर्थ आहे. नेमणुकीचें पत्र लेखी घ्यावें व मूळ प्रमाणपत्रें कोणाच्या हवालीं करूं नयेत. घरबसल्या काम देतों, आधीं अनामत भरा, असें म्हणणाऱ्यापासून दूर राहावें. परदेशच्या नोकरीसाठीं मध्यस्थांनीं लाखों रुपये उकळल्यामुळें २०१५ सालीं सरकारनें अठरा देशांस जाणाऱ्या परिचारिकांस परवानगी आवश्यक केली व भरती सरकारी संस्थांमार्फत व्हावी असें ठरविलें. तेव्हां शेत गहाण ठेवण्यापूर्वीं मध्यस्थाची सरकारी नोंदणी पाहावी.

राहिला पहिला प्रश्न: त्या मुलीनें घरीं यावें काय? मार्काच्या सातव्या अध्यायांत, जें आईबापांस द्यावयाचें तें 'कुर्बान' म्हणजे देवास अर्पण झालें असें सांगून हात झटकणाऱ्यांस प्रभूनें कठोर शब्दांनीं फटकारिलें. सेवेचें नांव सांगून आईस विसरणें हें पाप आहे. परंतु ही मुलगी आईस विसरली नाहीं. तिचा पगार ही तीं दोन नाणीं आहेत, आणि शेजारची बाई ही उतारशाळेची रक्षक आहे. तिनें आज नोकरी सोडिली तर आईस तिचे हात मिळतील, पण औषध मिळणार नाहीं. म्हणून आमचें मत असें: तिनें एकदम राजीनामा देऊं नये, तालुक्याच्या गांवीं अथवा जवळच्या केंद्रांत जागा मिळते काय, किंवा तेथें घरोघरच्या शुश्रूषेचें काम मिळतें काय, हें नेटानें पाहावें, मिळाल्यास पगार थोडा कमी असला तरी तें पत्करावें. तोंपर्यंत शोमरोन्याप्रमाणें परत येण्याचें वचन पाळावें, म्हणजे सुट्टी मिळतांच घरीं यावें व दररोज फोनवर आईशीं बोलावें. पैशानें आईचें अंथरूण बदलेल. तिच्या मनाचा एकटेपणा मात्र मुलीच्या आवाजानेंच जाईल.

आणि ज्या वडील माणसांनीं तिला दोष दिला, त्यांस आम्ही आदरपूर्वक विचारितों: त्या विधवा बाईचें घर उपासनामंदिरापासून किती पावलांवर आहे? आठवड्यांत किती वेळां आपण तिच्या उशाशीं बसलां? याजक व लेवी ह्यांनींही त्या जखमी माणसास पाहिलें होतें. शेजारच्या बाईस रविवारीं सुट्टी मिळावी म्हणून मंडळींतील चार भगिनींनीं पाळीपाळीनें तो दिवस घेतला, कूस कशी बदलावी, पाठीस जखमा पडूं नयेत म्हणून काय करावें, हें त्या मुलीकडूनच शिकून घेतलें, तर वेतन न घेणारी सेवा म्हणजे काय, हें बोलण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होईल. येत्या रविवारची पाळी कोण घेतो, हें त्या मंडळीनें आम्हांस कळवावें, अशी आमची विनंती आहे.