दिवाळीला महाराज कोणाच्या घरी?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



वसुबारसेला पहिली पणती लागली की आजकाल घराघरांतून एक प्रश्न निघतो, "औंदा दिवाळी कुठं करायची?" आपल्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. दिवाळी घरीच. चुलते, चुलत्या, लेकरं, सगळी एका वाड्यात. आता थोरला पुण्याला, धाकटा हैदराबादला, लेक तिच्या सासरी, आणि आई-बाप नांदेडच्या नाहीतर लातूरच्या घरात फोनकडं डोळे लावून बसलेले. कोण येणार, किती दिवस राहणार, आईला कोण नेणार. सण चार दिवसांचा आणि चर्चा महिनाभराची!

असाच प्रश्न एकदा गाणगापुरात, साक्षात श्रीनृसिंहसरस्वती महाराजांपुढं उभा राहिला होता. श्रीगुरुचरित्राच्या ४६व्या अध्यायात ती कथा आहे. आपण सप्ताह करतो तेव्हा हा अध्याय बहुतेक सातव्या दिवशी येतो. त्या दिवशी आपलं अर्धं लक्ष पोथीत आणि अर्धं नैवेद्याच्या पुरणात. म्हणून तो अध्याय वाचून होतो, पण मनात राहत नाही. आज तोच जरा थांबून बघू.

दिवाळीचा सण आला. सात गावांहून सात शिष्य महाराजांकडं आले. प्रत्येकाची विनंती एकच, "महाराज, या दिवाळीला माझ्या घरी चला." महाराज म्हणाले, तुम्ही सात जण, सात गावं. सण एकच. मी एकटा कुठं कुठं येऊ? तुम्हीच आपसात ठरवा. झालं! सातही जणांत भांडण लागलं. हा म्हणतो माझ्या घरी, तो म्हणतो माझ्या घरी. त्यांत गरीबही होते. त्यांना वाटलं, थोरामोठ्याकडं महाराज जातील आणि आपण राहून जाऊ. शेवटी महाराजांनी एकेकाला बाजूला बोलावलं आणि कानात सांगितलं, "मी तुझ्या घरी येतो. पण हे कुणाला बोलू नकोस." सातही जण समाधानानं आपापल्या गावी गेले.

तेवढ्यात गाणगापूरचे लोक कष्टी झाले. ऐन सणाला महाराज आम्हाला सोडून चालले? महाराजांनी त्यांनाही सांगितलं, चिंता करू नका, मी इथंच आहे.

दिवाळी आली. महाराजांनी आठ रूपं धरली. सात घरी सात रूपांनी जेवले, पूजा घेतली, आणि आठव्या रूपानं गाणगापूरच्या मठात बसून राहिले. कुणालाच पत्ता नाही. पुढं कार्तिकी पौर्णिमेला दीपाराधनेसाठी सगळे गाणगापुरात जमले, तेव्हा बोलणं निघालं. एक म्हणाला, महाराज दिवाळीला माझ्या घरी होते. दुसरा म्हणाला, छे, माझ्या घरी होते. ज्यानं त्यानं आपण अर्पण केलेलं वस्त्र दाखवलं. गावकरी म्हणाले, अहो, महाराज तर इथून हललेच नाहीत. मग सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि सगळ्यांनी पाय धरले.

आता बघा, आपण या कथेत फक्त चमत्कार पाहतो. आठ रूपं धरली, म्हणून हात जोडतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सात घरांत भांडण होतं ते 'आमच्याकडं या' म्हणून. 'आमच्याकडं नको, तुमच्याकडं न्या' म्हणून नव्हतं. एवढ्यावर आपण आपलं घर तपासावं, अशी माझी नम्र विनंती आहे. आणि ही विनंती मी अधिकारानं करत नाही. मी स्वतः त्यात नापास झालेला माणूस आहे. लाज सोडून सांगतो.

आमचं मूळ गाव मुखेडच्या बाजूला. वडील गेल्यावर शेताची वाटणी झाली. बांधाच्या दोन-चार काकऱ्यांवरून माझं आणि थोरल्या भावाचं बोलणं बंद झालं. तो नांदेडला, मी लातूरला. आई वर्षाचे सहा महिने त्याच्याकडं, सहा महिने माझ्याकडं. दिवाळी मध्ये आली, तर तिचीही वाटणी! लक्ष्मीपूजन त्याच्याकडं, पाडवा-भाऊबीज माझ्याकडं. नांदेड-लातूर रस्त्यावर अहमदपूर मध्ये पडतं. पाडव्याच्या दिवशी सकाळी भाऊ आईला घेऊन एसटीनं अहमदपूरच्या स्टँडवर यायचा. मी लातूरहून जायचो. आईची पिशवी तो खाली ठेवायचा, मी उचलायचो. भाऊ भावाशी बोलायचा नाही. आई मधल्या बाकड्यावर बसायची.

एका पाडव्याला तिनं पिशवीतून डबा काढला. माझ्या वहिनीनं दिलेल्या करंज्या होत्या. एक त्याच्या हातावर ठेवली, एक माझ्या. म्हणाली, "खा. वाटणी नीट केली बाबांनो तुमी. शेताची केली, भांड्याची केली, माजी बी केली." एवढंच बोलली. आम्ही दोघांनी माना खाली घातल्या, आणि तरीही त्या दिवशी बोललो नाही. करंजी हातात धरून मी लातूरच्या गाडीत चढलो.

सज्जनहो, महाराज आठ रूपं धरू शकले. आईला एकच देह असतो. त्या देहाला गुडघेदुखी असते, एसटीत उलटी होते, दुसऱ्याच्या घरी रात्री उठायला संकोच वाटतो. तिनं सात घरी जायचं म्हटलं तर ती तुटते. महाराजांना जे जमलं ते आईकडून मागू नये. ती एका जागी बसावी आणि लेकरांनी तिच्याकडं यावं, हाच तिच्यासाठी मार्ग.

पुढच्या वर्षी आईनंच तो काढला. दसऱ्यानंतर ती गावच्या जुन्या घरी गेली आणि निरोप धाडला, "मी हितंच दिवाळी करणार. ज्याला यायचं त्यानं यावं." नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री मी गेलो, तर भावाची लेकरं अंगणात आधीच खेळत होती. पहाटे आईनं एका पाटावर थोरल्याला बसवलं, दुसऱ्यावर मला. दोघांना तेल लावलं, उटणं लावलं, पायाखाली कारीट फोडायला लावलं. आम्ही दोघं तेव्हा पन्नाशीला आलेले! पाडव्याला सुनांनी अंगणात शेणाचे पांडव घातले, त्यांच्यावर झेंडूची फुलं खोचली. संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर बोलता बोलता भाऊ म्हणाला, "तू माझी आठवण काढतोस असं माय दर वेळी सांगायची." मी गप्प झालो. कारण मला तर ती सांगायची, "थोरला तुझी लई आठवण काढतो." मी कधी आठवण काढली नव्हती. त्यानंही काढली नव्हती. आईनं दोघांच्या कानात वेगवेगळं सांगून आमची भाऊबंदकी जिवंत ठेवली होती.

गुरुचरित्रातल्या त्या अध्यायाचा अर्थ मला त्या ओसरीवर कळला. महाराजांनीही प्रत्येकाच्या कानात सांगितलं, आणि सगळे एका दिव्यापाशी जमले तेव्हाच गुपित उघडलं. सात जण आपापल्या गावी बसून राहिले असते, तर प्रत्येकाला वाटत राहिलं असतं की महाराज माझे एकट्याचे. एकत्र आल्यावर कळतं की माया वाटली गेली नव्हती, प्रत्येकाला पुरी मिळाली होती. आई आता नाही. पण तो बांध आम्ही दोघं भाऊ मिळून नांगरतो.

आता काही जण म्हणतील, तुमची लेकरं आली, तुमचं बरं आहे. आमची येणारच नाहीत. सुटी नाही, तिकीट नाही, कुणी तर सातासमुद्रापलीकडं. आम्ही दोन म्हातारी माणसं कशाला पणत्या लावायच्या?

त्यांच्यासाठी त्या कथेतलं आठवं रूप आहे. महाराज सात घरी गेले, पण जे गावात राहिले त्यांना त्यांनी सोडलं नाही. जो आपल्या जागी बसून वाट बघतो, त्याच्याजवळही गुरू बसलेला असतो. आपली भूमी तर गुरूच्या वास्तव्याचीच आहे. नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे दत्तप्रभूंचं निद्रास्थान, तिथंच अनसूयामातेचं शिखर. लातूरच्या शेजारी परळी वैजनाथला नृसिंहसरस्वती महाराज वर्षभर गुप्तपणे राहिले, असं गुरुचरित्र सांगतं. आणि याच नांदेडात १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवण्याआधी ग्रंथालाच गुरू मानायला सांगितलं. दिवाळीला हुजूर साहिबला तख्तस्नान होतं, गोदावरीचं पाणी नेऊन तख्त धुतात. देह गेला तरी गुरू जात नाही, हे आपल्या मातीला कुणी वेगळं शिकवायला नको.

पण इथं एक कठीण प्रश्न येतो, आणि तो टाळून पुढं जाणं खरं नाही. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरच्या बाजूला जमीन हलली. दगडामातीची घरं झोपलेल्यांवर पडली. सुमारे आठ हजार माणसं गेली. आणि तो वार होता गुरुवार. दत्ताचा वार. त्यानंतर कितीतरी वेळा प्रवचनाच्या शेवटी कुणीतरी मला विचारलं आहे, "त्या गुरुवारी महाराज कुठं होते?" याचं पोथीतलं उत्तर माझ्याकडं नाही. खोटं उत्तर देऊन कुणाच्या दुःखावर झाकण घालणं मला पटत नाही.

मात्र दीड महिन्यानं आलेली दिवाळी मला आठवते. आपल्याकडं रीत आहे, ज्या घरी माणूस गेलं त्या घरी पहिल्या सणाला कढई चढत नाही. शेजारी, भावकी, सोयरे फराळ करून नेऊन देतात. पण तिथं गावंच्या गावं सुतकात होती. शेजाऱ्यानं कुणाच्या घरी डबा न्यायचा? म्हणून आमच्या गल्लीतल्या बायकांनी शेव-चिवड्याचे डबे भरले आणि आम्ही चार-पाच जण औशाच्या बाजूनं निघालो. पत्र्याच्या शेडपुढं एक आजोबा बसले होते. घरातलं कोण राहिलं, हे विचारायची हिंमत झाली नाही. मी डबा पुढं केला. त्यांनी तो घेतला, बाजूला ठेवला, आणि मला म्हणाले, "बसा. चहा घेतल्याबिगर जायचं नाही." सगळं गेलेल्या माणसानं मला अतिथी मानलं.

अनसूयेच्या दारीही तीन अतिथीच आले होते. त्यांची अट अवघड होती, तरी तिनं दार लावून घेतलं नाही. त्यांना लेकरं करून मांडीवर घेतलं आणि जेवू घातलं. त्यातूनच आपला दत्त. महाराज त्या गुरुवारी कुठं होते ते मी सांगू शकत नाही. पण त्या दिवाळीला त्या पत्र्याच्या शेडमध्ये, त्या चहाच्या कपात ते होते, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. मी डबा द्यायला गेलो होतो. प्रसाद घेऊन परतलो.

म्हणून सज्जनहो, या दिवाळीला एवढं करू. ज्या भावाशी, बहिणीशी बोलणं थांबलं आहे, त्याला भाऊबीजेची वाट न बघता वसुबारसेलाच फोन लावू. पहिला फोन मोठ्यानं लावावा, धाकट्याची वाट बघू नये. आई-बाप असतील तर त्यांना पिशवीसारखं इकडून तिकडं नेऊ नये, त्यांना विचारावं की तुम्हाला कुठं बरं वाटतं, आणि सगळ्यांनी तिथं जावं. लेकरं येणार नसतील तर रुसू नये. त्यांनाही तिथं ऑफिस आहे, लेकरांच्या परीक्षा आहेत. आलेला फोन तक्रारीनं भरू नये. दाराशी दोन पणत्या लावाव्यात, आणि फराळाचं एक ताट आधी अशा घरी न्यावं जिथं यंदा कढई चढली नाही. गल्लीत असं एखादं घर असतंच. शोधावं लागत नाही, फक्त त्या दाराकडं बघावं लागतं.

महाराज सात घरी आपल्या तपोबळानं गेले. आपल्याला ते बळ नाही. आपल्याला एक घर ओलांडून दुसऱ्या घरी जाता येतं, तेवढं पुरे आहे.

आपणा सर्वांना दीपावलीचे मंगल आशीर्वाद लाभोत, हीच दत्तचरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥